ऐनाची साल आणि जाळ्याचा आस

मालवणला जाणारा माणूस बरोबर काय नेतो? हलके कपडे, डोक्याला टोपी, आणि परत येताना खाजे, कोकम, काजू भरायला एक रिकामी पिशवी. मी मात्र गेल्या वर्षी नवरात्र आटोपल्यावर मालवणला निघाले ती पांढऱ्या सुती धाग्याच्या चोवीस लडी, विणायच्या सुयांची गुंडाळी आणि तुरटीचा एक पुडा घेऊन. गाडीत समोर बसलेल्या आजींनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारले, "मालवणात थंडी पडते का हो हल्ली?"

मी त्यांना दोष देत नाही. विणकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याची थंडी, बाळंतविडा आणि दिवाणावर बसून स्वेटर विणणारी मावशी उभी राहते. कोकणच्या घामाशी त्याचा काय संबंध? पण मी ज्याच्या शोधात निघाले होते ती ऊब नव्हती, एक तपकिरी रंग होता.

त्याचे असे झाले. मी विणकामाचे नमुने बांधते. बांधते म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या मंडळींनाही पुष्कळ दिवस कळले नव्हते. शाल विणणे वेगळे आणि शालीचा नमुना लिहिणे वेगळे. विणणारणीला आपल्या हाताचा भरवसा असतो. नमुना लिहिणारीला दुसऱ्याच्या हाताचा अंदाज लागतो. आधी लहानसा चौकोनी तुकडा विणायचा, तो धुऊन वाळवायचा, मग दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजायचे. त्या हिशेबावर सगळी इमारत उभी राहते. मग ओळीमागून ओळ लिहायची: इथे सुलट, इथे उलट, इथे दोन टाके एकत्र, इथे धागा पुढे घेऊन भोक. लिहून झाले की दहाबारा ओळखीच्या बायकांकडे तो कागद धाडायचा. त्या आपापल्या घरी, आपापल्या हाताने तो विणून बघतात आणि चुका कळवतात. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. सगळ्यांच्या हातून वस्तू सारखी उतरली म्हणजे नमुना लोकांपुढे ठेवायला हरकत नाही.

त्या वर्षी मी दिवाळीसाठी एक सुती शाल योजली होती, जाळीच्या विणीची. सूत मी घरीच रंगवते. त्या शालीला मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचा रंग द्यावा, हे डोक्यात भरवले आमच्या मालवणच्या आतेसासूबाईंनी. त्या एकदा सहज म्हणाल्या होत्या, "आमच्या लहानपणी दांडीवरून चालले की ऐनाची साल उकळत असल्याचा वास यायचा. जाळी त्यात बुडवायचे. सगळा किनारा वाळत घातलेल्या जाळ्यांनी तपकिरी दिसायचा." मी मुंबईत ऐनाची साल मिळवली, सूत रंगवले आणि बारा जणींना वाटले. नमुन्याच्या कागदाबद्दल एकीचीही तक्रार आली नाही. रंगाबद्दल मात्र बाराही जणींची आली. कोणाची शाल अर्धी चहासारखी, अर्धी चॉकलेटसारखी. एकीची तर मधोमध राखाडी. दिवाळी तोंडावर आली होती. मी नमुना मागे घेतला आणि आतेसासूबाईंना फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "तिकडे बसून काय कळणार? इकडे ये."

कुडाळला रेल्वेतून उतरावे आणि मालवणची एस. टी. धरावी. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हापासून हा रस्ता सोपा झाला. आता चिपीला विमानतळही झाला आहे. पण माझे म्हणणे असे, की मालवणला घाईने पोचू नये. धामापूरच्या तळ्याजवळ गाडी वळते तेव्हा दोन्ही बाजूंची झाडी अंगावर येते. आतेसासूबाईंनी सांगून ठेवले होते, ऐन बघत ये. उंच सरळ झाड, आणि खोडाची साल अशी तडकलेली, की मगरीच्या पाठीची आठवण व्हावी. ज्याला मी मुंबईत पाकिटावरचे एक नाव समजत होते, ते झाड रस्त्याकडेला उभे होते, आणि एस. टी.तल्या कोणालाही त्याचे कौतुक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो हा किल्ला प्रत्येक मालवणकराला रोज दिसतो, आणि म्हणूनच की काय, कोणी त्याच्याकडे मुद्दाम बघत नाही. पर्यटकांच्या होड्या जात-येत होत्या. किनाऱ्यावर हिरव्या-निळ्या जाळ्यांचे ढीग होते. तपकिरी काहीच नव्हते.

एका होडीच्या सावलीत एक आजोबा बसून जाळे सांधत होते. ऐंशी उलटलेले असावेत. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, एका हातात बांबूची चपटी सुई, तिच्यावर धागा भरलेला, दुसऱ्या हातात तेवढीच चपटी पट्टी. आतेसासूबाईंची आणि त्यांची जुनी ओळख. मला पाहून ते म्हणाले, "खंयसून इलंस गो बाय?"

मी मुंबई सांगितली आणि मग अघळपघळ माझी सगळी हकीकत सांगितली: शाल, बारा जणी, राखाडी पट्टा. आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. शेवटी मी विचारले, "तुम्ही एवढी मोठमोठी जाळी एकाच रंगाची कशी करत होता?"

त्यावर ते हसले. "रंग? रंगाक कोण बघता! सूत कुजू नये म्हणान साल."

हे उत्तर मला आधी नीट कळले नाही. संध्याकाळी कळले, आणि तेव्हा माझ्या कामाकडे बघण्याची माझी दृष्टीच थोडी हलली, म्हणून ते सविस्तर सांगते.

पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. सूत म्हणजे शेवटी वनस्पती. खाऱ्या पाण्यात भिजले, वर माशांचा चिकटा लागला, की त्याला बुरशी आणि जंतू लागतात. काही आठवड्यांत बोटाने तुटेल असे होते. ऐनाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. चामडे कमावतात ते याच द्रव्याने. साल ठेचून, मोठ्या तांब्याच्या हंड्यात उकळून त्या काढ्यात जाळे बुडवले की टॅनिन सुताला धरते आणि जंतूंना ते सूत पचत नाही. समुद्राच्या पाण्याने ते हळूहळू धुपते, म्हणून पंधरवड्याला, महिन्याला पुन्हा हंडा चढवायचा. प्रत्येक वेळी जाळे जरा अधिक काळवंडायचे. म्हणजे ज्या रंगावर मी भाळले होते तो कोणी जाळ्याला 'दिलेला' रंगच नव्हता. जाळे किती वेळा जपले, त्याची ती नोंद होती. नव्या जाळ्याचा रंग फिका, जुन्याचा गडद. रंग सारखा यावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

आणि ही गोष्ट काही मालवणचीच नव्हे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळीही आपली जाळी आणि शिडे उकळत्या काढ्यात बुडवत असत. तिकडच्या जुन्या होड्यांची ती तांबूस शिडे चित्रांतून आपण पाहिलेली असतात. त्यांचा काढा कशाचा? काताचा! खैराच्या झाडाचा तोच कात, जो आपण विड्यात खातो, हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून जहाजे भरभरून तिकडे जाई. म्हणजे साहेबाचे शीड आणि आपल्या आजोबांचे तोंड एकाच झाडाने रंगत होते.

मग हे थांबले कधी? आजोबांनी एका वाक्यात इतिहास सांगितला: "नायलॉन इला आणि आमचो हंडो थंड झालो." १९५२ साली केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, त्याच्या पाठोपाठ यांत्रिक नौका आणि नायलॉनची जाळी देशाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. नायलॉन कुजत नाही. त्याला साल नको, हंडा नको, पंधरवड्याची खटपट नको. बायकापोरांचे किती श्रम त्याने वाचवले! त्या हंड्याची आठवण काढून हळहळणारी मी. ज्यांनी तो चुलीवरून उतरवला त्यांच्यापैकी कोणी हळहळताना मला दिसले नाही.

तरीही मला माझ्या लडी रंगवायच्याच होत्या. जिवंत झाडाची साल ओरबाडली तर झाड मरते, म्हणून लाकडाच्या वखारीतून, कापून आलेल्या ओंडक्यांची साल आणली. आतेसासूबाईंच्या मागील दारी तीन दगडांची चूल पेटली. साल रात्रभर भिजत घातली, सकाळी उकळली, गाळून घेतली, आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या पहिल्या सहा लडी तांब्याच्या पातेल्यात सोडल्या. तासाभराने बाहेर काढल्या तेव्हा त्यांचा रंग ताज्या गुळासारखा होता. मी आनंदाने दुसऱ्या सहा लडी घेतल्या. पातेले गरम होते, म्हणून बाजूची लोखंडी कढई पुढे ओढली, आणि दहा मिनिटांत सहाच्या सहा लडी पावसाळी ढगासारख्या काळ्या-राखाडी होऊन बसल्या!

मी कपाळावर हात मारला. आतेसासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, लोखंडाच्या कढईत आवळा काळा पडतो, हे तुला ठाऊक नाही?"

ठाऊक होते. तीस वर्षे ठाऊक होते. पण स्वयंपाकघरात कळलेली गोष्ट रंगाच्या कामाशी जोडावी, हे सुचले नाही. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. हिरड्याची जुनी शाई याच न्यायाने करत. मुंबईत मी एक घाणा स्टीलमध्ये, दुसरा जुन्या, टवके उडालेल्या एनॅमलच्या भांड्यात केला होता. आतले लोखंड उघडे पडलेल्या त्या भांड्यानेच तो राखाडी पट्टा आणला होता. चूक सालीची नव्हती, बारा जणींच्या हातांची तर नव्हतीच. आणि मी मनातल्या मनात त्यांच्यापैकी एकीला दोष देऊन बसले होते.

दुपारी वाळलेल्या लडी आणि विणलेला नमुन्याचा तुकडा घेऊन मी पुन्हा दांडीवर गेले. खरे सांगायचे तर कौतुकाची अपेक्षा होती. आजोबांनी तुकडा उन्हाकडे धरला, ताणून पाहिला, भोके निरखली. "बरी असा," म्हणाले. मग विचारले, "पण ह्या तुटला तर?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी बाजूची कात्री उचलली, मधला एक धागा कापला आणि तुकडा दोन्ही हातांनी ताणला. टाके एकामागून एक सुटत खाली गेले आणि माझ्या जाळीत बोटभर लांब भगदाड पडले. मग त्यांनी स्वतःच्या जाळ्याचा एक धागा कापला आणि तेही तसेच ताणले. दोन घरांचे एक घर झाले. बस्स. बाकीचे जाळे जसेच्या तसे.

"एक तुटला काय तुझा सगळा सुटता," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. माळ्याने रोपाची मुळे दाखवावीत तसे ते दाखवत होते.

वाचकहो, विणकाम आणि जाळे यांतला हा भेद मी इतकी वर्षे सुया हातात धरूनही असा डोळ्यांनी पाहिला नव्हता. विणकामात गाठ नसते. एकच धागा, फाशात फासा. प्रत्येक टाका शेजाऱ्याच्या आधारावर उभा. म्हणून ते अंगाबरोबर ताणते, मऊ पडते, आणि म्हणूनच उसवतेही. जाळ्यात प्रत्येक कोपऱ्याला गाठ असते. ते मऊ नसते. पण एक गाठ गेली तरी दुसरी आपली जागा सोडत नाही.

तिकडे युरोपच्या किनाऱ्यांवर हे दोन्ही धंदे एकाच घरात नांदत. पुरुष समुद्रावर, आणि बायका त्यांच्यासाठी गर्द निळ्या लोकरीचे घट्ट विणीचे स्वेटर विणत. त्यांना 'गॅन्सी' म्हणतात. त्यांवर दोरखंड, शिडी, लाटा, जाळ्याची घरे असे नमुने असत. स्वेटरच्या नमुन्यावरून बुडालेल्या माणसाचे गाव ओळखत, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती बरीचशी दंतकथाच. पण सिंज या आयरिश नाटककाराच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा टाके मोजून ओळखते, आणि ते वाचताना विणणाऱ्या कोणत्याही बाईचा हात क्षणभर थांबतो. आपण मोजलेले टाके कोणाच्या तरी अंगावर आहेत, आणि तो माणूस पाण्यावर आहे!

मी आजोबांना त्या चपट्या पट्टीबद्दल विचारले. तिच्याभोवती धागा घेऊन गाठ मारायची; पट्टीची रुंदी तेवढी घराची बाजू. या घराला आस म्हणतात. पट्टी बदलली की आस बदलला, आस बदलला की मासा बदलला. प्रत्येक मासळीला वेगळे जाळे, प्रत्येक जाळ्याला वेगळी पट्टी. माझ्याकडे सुयांचे क्रमांक असतात, तशी त्यांच्याकडे पट्ट्यांची जुडी होती. काही त्यांच्या वडिलांच्या, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या.

"जाळ्यात कोणता मासा सापडायचा, हे आधी ठरवता ना?" मी विचारले.

"कोणाक धरूचा ता मागसून," आजोबा म्हणाले. "कोणाक सोडूचा ता आदी ठरवूचा लागता."

समोर समुद्र होता आणि त्या समुद्रातल्या भांडणाचे सारे सार या वाक्यात आले. मोठे यांत्रिक ट्रॉलर समुद्राच्या तळावरून पोतडीसारखी खोळ ओढत नेतात. पर्ससीनचे जाळे तर अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे तळाशी आवळले जाते. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. पर्ससीनवर राज्याने निर्बंध घातले २०१६ साली. रात्री दिव्यांचा झोत टाकून मासे गोळा करण्यावर केंद्राने बंदी घातली २०१७ साली. तरी किनाऱ्यावरचा पारंपरिक मच्छीमार आणि खोल पाण्यातली यांत्रिक नौका यांचा तंटा मिटला, असे मालवणात कोणी म्हणणार नाही. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण मासा जाळ्यात आल्यावर पट्टी घेऊन मोजणार कोण? तो आधीच निसटायला हवा.

आणि इथे एक गंमत कळली, जी ऐकून माझ्यातली नमुने बांधणारी एकदम ताठ बसली. याच सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर २०११ पासून काही वर्षे केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचा सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. त्यात ट्रॉलरच्या मच्छीमारांना खोळीसाठी ४० मिलिमीटरचा चौकोनी आस वापरायला शिकवले गेले. नेहमीचे जाळे ओढ बसली की लांबते, त्याची शंकरपाळ्यासारखी घरे मिटतात आणि पिल्लेही आत अडकतात. त्यावर उपाय काय केला? तेच जाळे तिरके फिरवून बसवले! मग दोरे ओढीच्या दिशेने सरळ राहतात, घरे चौकोनी उघडी राहतात आणि लहान मासळी निसटते. शिवणकाम येणारी प्रत्येक बाई आडवे आणि तिरके कापड कसे वेगळे वागते ते जाणते. धागा तोच, गाठ तीच. फक्त दिशा बदलली, आणि समुद्रात पिल्ले राहिली. नवा नमुना याहून मोठे काय करू शकतो?

तिसऱ्या दिवशी पहाटे मी रापण पाहायला गेले. पाहायला गेले खरी, पण रापण नुसती पाहता येत नाही. होडी किनाऱ्यापासून निघते, जाळे सोडत सोडत समुद्रात मोठे अर्धवर्तुळ काढते आणि दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या दोन बाजूंनी माणसे ओढू लागतात. पंचवीस-तीस माणसे, म्हातारी, पोरे, बायका. कोणीतरी माझ्याकडे बघून "येवा" म्हणाले आणि मी पदर खोचून दोरी धरली. पाऊण तास ओढत होतो. तळहात सोलवटले. शेवटी खोळ वाळूवर आली. तिच्यात बांगडे होते, थोड्या तारल्या होत्या, एक-दोन खेकडे, आणि पुष्कळ रिकामी जागा. कोणी काही बोलले नाही. पूर्वी एका रापणीला टोपल्या पुरत नसत, असे आतेसासूबाई सांगत. त्या शांततेचा अर्थ मला आकड्यांविना कळला.

खोळीत बोटाएवढी मासळीही होती. मी आजोबांकडे पाहिले. ते म्हणाले, "आमच्या खोळीचो आस बारीकच असता, खोटा कित्याक बोलू? पण रापण किती लांब जातली? दोरी सरली काय आमचो दर्यो सरलो."

मग वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. मी हात धुऊन निघाले तर एका पोराने माझ्यापुढे चार बांगडे धरले. मी नको नको म्हणते आहे, तोच आजोबा मागून म्हणाले, "दोरयेक हात लावलंस मा? मगे वाटो घेवक व्हयो."

ते चार बांगडे घेऊन चालत येताना मला मुंबईतल्या माझ्या बारा जणी आठवल्या. त्या दर वेळी माझा नमुना विणून बघतात, चुका काढतात, रात्री जागतात. मी कागदाच्या शेवटी बारीक अक्षरात त्यांचे आभार मानते. आभार! दोरीला हात त्यांनीही लावलेला होता.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी भीत भीत आजोबांना विचारले, शालीला 'रापण' नाव दिले तर चालेल का? जाळे त्यांचे, रंग त्यांचा, कष्ट त्यांचे. नाव उचलून मी मुंबईला जाणार, हे मला टोचत होते. त्यांनी थोडा विचार केला. "नाव घे. नावाक पैसे पडनत नाय. पण माप बरोबर लिव."

तेवढ्याच अटीवर नाव मिळाले, आणि ती अट पाळायला मला वर्ष लागले. गेल्या दिवाळीत जो नमुना मागे घेतला होता तो या दिवाळीत लोकांपुढे येत आहे. त्यात मी तीन बदल केले. पहिला म्हणजे 'रंग: जाळ्याचा तपकिरी' ही ओळ खोडली. तिच्या जागी साल कशी भिजवावी, कशी उकळावी, कोणते भांडे टाळावे, हे लिहिले, आणि खाली स्पष्ट म्हटले, की प्रत्येकीचा रंग वेगळा येईल, तो तसाच यायचा असतो. विटला तर पुन्हा हंडा चढवा. दुसरा बदल म्हणजे शेवटी एक नवे पान जोडले: 'तुटल्यास'. सुटलेला टाका कसा धरावा, भगदाड कसे सांधावे, याची चित्रे काढली. इतके नमुने लिहिले, पण वस्तू एक दिवस फाटेल हे मी कधी कागदावर येऊ दिले नव्हते. आणि तिसरा बदल कागदावर दिसत नाही. या नमुन्याचे जे पैसे येतील त्यांचे चौदा वाटे होतील: बारा जणींचे बारा, माझा एक, आणि एक दांडीवर जाईल. आजोबांना तसे कळवले तेव्हा निरोप आला, की वाटा रापणीला द्या, मला नको.

त्यांनी कापलेला तो तुकडा माझ्या टेबलासमोर भिंतीवर टाचलेला आहे. त्या दुपारी मी उठून निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवले होते. सुईवर होता तोच हिरवा नायलॉनचा धागा घेऊन त्यांनी भगदाडाच्या दोन्ही कडा धरल्या आणि सात गाठी मारल्या. गुळाच्या रंगाच्या माझ्या विणीत त्या सात हिरव्या गाठी अगदी विजोड दिसतात. परवा नमुन्यासाठी फोटो काढायला एक मुलगी आली होती. ती म्हणाली, "हा फाटका तुकडा बाजूला करू का?"

मी म्हटले, "नको. आधी त्याचाच काढ."